चौदा वीरगळ आणि एक जादा बॅटरी

वार्षिकांकासाठी साहित्य पाठविण्याची सूचना फळ्यावर लागली, त्याच दिवशी मी संपादक मंडळातील माझ्या मित्राला लेखाचा विषय सांगितला. तो मोठ्याने हसला. "अरे, हे पॉलिटेक्निकच्या अंकाला दे. आपल्याकडे प्रेमकविता चालतात, फार तर 'माझी आजी' चालते." त्याचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची जादा बॅटरी कोणती घ्यावी या प्रश्नावर पाने खर्ची घालावीत, हे दिसायला विचित्रच दिसते. परंतु गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाचे जे नुकसान झाले त्याचे मूळ शोधत गेलो की ते एका बॅटरीपाशी येऊन थांबते. आणि ती बॅटरी आम्ही कोणी विचार करून निवडलेली नव्हती. ती नुसती खरेदी झाली होती. म्हणून हा लेख.

आमचा अभ्यासगट फेब्रुवारीत येथून चाळीस किलोमीटरवरच्या एका गावी गेला होता. गावाबाहेर ओढ्याकाठी जुने शिवमंदिर आहे. मंदिराच्या ओट्यालगत तेवीस वीरगळ होते. काही उभे, काही आडवे पडलेले, दोन तर चक्क पायरी म्हणून बसविलेले. इतिहासाच्या वाटेला न गेलेल्या वाचकांसाठी सांगतो, की लढाईत किंवा गुरे राखताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत झुंज आणि मरण, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ते वीरगळ पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतात. आमच्या गावाचे तसे नव्हते. ते कुठल्याही पुस्तकात नव्हते, आणि तेच तर आमच्या जाण्याचे कारण होते.

झिजलेल्या दगडाचे छायाचित्र समोरून फ्लॅश मारून येत नाही. कोरीव काम सपाट दिसते, पांढरा डाग तेवढा उमटतो. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून सावल्या उठवाव्या लागतात. सरांनी आम्हाला ते नीट शिकविले होते. प्रत्येक दगडाची डावीकडून प्रकाश, उजवीकडून प्रकाश, शेजारी मोजपट्टी ठेवून एक, आणि प्रत्येक चौकटीचे जवळून एक, अशी सहा-सात छायाचित्रे. दर वेळी मागच्या पडद्यावर मोठे करून पाहायचे, घोडा आहे की बैल हे ठरवायचे, हललेले असल्यास पुन्हा घ्यायचे. म्हणजे पडदा सतत चालू. विभागाच्या कॅमेऱ्याची मूळची बॅटरी जुनी होती, ती सहाव्या दगडावर संपली. हे अपेक्षितच होते. आम्ही शांतपणे नवी जादा बॅटरी घातली. पडद्यावर पूर्ण भरल्याची खूण आली. तीन दगड झाले. नवव्या दगडाच्या शेवटच्या छायाचित्राला ती खूण 'पूर्ण'वरून एकदम लाल झाली आणि कॅमेरा बंद पडला, तो भिंग आत घेण्याइतकेही त्राण न उरता.

आमची धावपळ पाहून पुजारीकाका आले. "काय झालं रं पोरांनो?" आम्ही म्हणालो, "काका, बॅटरी संपली." "मग आधी सांगायचं की," असे म्हणून ते लगबगीने घरी गेले आणि तीन सेलची लांबलचक विजेरी घेऊन आले. "ही घ्या बॅटरी. पायजे तेवढी वापरा." त्यांच्याकडे बॅटरी म्हणजे विजेरी. आम्ही खूप हसलो. ते हसणे आता आठवले की बरे वाटत नाही.

नऊ झाले होते, चौदा राहिले होते. पुढे परीक्षा, मग सुट्टी, मग पाऊस. आम्ही पुन्हा गेलो ते सप्टेंबरात. मधल्या काळात गावाने वर्गणी काढून मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. गुळगुळीत फरशी, नवा रुंद ओटा. उरलेल्या चौदांपैकी नऊ दगड त्या ओट्याच्या भरावात गेले आहेत. पाच भिंतीला टेकवून सिमेंटने पक्के केले आहेत आणि त्यांना मोठ्या भक्तिभावाने ऑइलपेंट दिला आहे. वीर लाल, घोडा रुपेरी. रंगाच्या जाड थराखाली बारीक रेषा बुजून गेल्या आहेत. गावाला मी दोष देत नाही. त्यांनी देवाचे घर नीट केले. आम्ही मात्र आमचे काम केले नाही.

आता कोणीही विचारील, आणि सर्वांनीच विचारले, की अहो, मोबाइल नव्हते का? होते. चार होते. चौदाही दगडांचे फोटो आम्ही मोबाइलवर काढले. पण मोबाइल आमच्या तिपाईवर बसत नव्हता, देवळाच्या सावलीत हात हलत होते, आणि ज्या सावल्या उठविण्यासाठी आम्ही धडपडत होतो त्या मोबाइल आपल्या बुद्धीने उजळ करून टाकत होता. एवढे करूनही काहीतरी राहिले असते. परंतु ते फोटो ज्या मित्राच्या मोबाइलमध्ये होते त्याने ते गटावर पाठवून दिले (पाठविताना त्यांचा आकार लहान होतो हे कोणाच्या लक्षात आले नाही) आणि जूनमध्ये जुना मोबाइल देऊन नवा घेतला. आज विभागाकडे आहेत ते बोटभर फोटो. त्यांत दगड आहे एवढे कळते. कॅमेऱ्याच्या कार्डावर काढलेले नऊ दगड मात्र खुंटीला टांगल्यासारखे जागच्या जागी आहेत.

परत आल्यावर मी ठरविले, की ही बॅटरी आली कशी याचा छडा लावायचाच. कार्यालयातील भाऊसाहेबांनी कटकट न करता फाइल काढून दाखविली. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागविलेली होती. कॅमेऱ्याच्या कंपनीची मूळ बॅटरी दीड हजाराच्या घरात. दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीची सुमारे सातशेला. आणि तिसरी, जिच्यावर कोणाचेच धड नाव नाही अशी, अडीचशे रुपयांना. भाऊसाहेबांनी तिसऱ्या कागदावर बोट ठेवले. "हे बघ, किंमत सगळ्यांत कमी आणि आकडा सगळ्यांत मोठा. मूळ बॅटरीवर सहाशे ऐंशी लिहिलंय, हिच्यावर सोळाशे. ऑडिटरला आणखी काय पाहिजे?" मी गप्प बसलो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

सगळी मेख त्या आकड्यात आहे. बॅटरीवर जो 'एमएएच' म्हणून आकडा छापलेला असतो, तो तिच्यात किती वीज मावते याचे माप असते. दुधाच्या पिशवीवर अर्धा लिटर लिहावे तसे. फरक एवढाच की दूध मापून घेता येते, बॅटरी कोणी मापून घेत नाही. आता एक साधे उदाहरण पाहा. कॅननच्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांना एनबी-११एल नावाची बॅटरी लागते. तिची क्षमता ६८०. पुढे त्याच कंपनीने त्याच आकाराच्या कवचात एनबी-११एलएच ही सुधारलेली बॅटरी काढली. तिची क्षमता ८००. एनबी-६एल ही १००० ची होती, तिची सुधारलेली बहीण १०६० ची. स्वतः कॅमेरे बनविणाऱ्या, हवा तेवढा पैसा आणि हवे तेवढे शास्त्रज्ञ पदरी असलेल्या कंपनीला तेवढ्याच डबीत एवढीच वाढ साधली. मग जिच्या वेष्टनावर पत्तासुद्धा नाही अशा कोणीतरी ६८० च्या डबीत १६०० कसे कोंबले? उत्तर सोपे आहे. कोंबलेच नाहीत. छापले. छापायला शाई लागते, आणि शाई स्वस्त असते.

म्हणून माझे मत असे, की मूळ बॅटरीपेक्षा फार मोठा आकडा हे जादा बॅटरी न घेण्याचे पहिले कारण समजावे. ज्याने मूळ आकड्याच्या आसपासचाच आकडा छापला आहे तो निदान आकड्याबाबत तरी खरे बोलत असण्याचा संभव आहे. आपल्या दरपत्रकांच्या पद्धतीत नेमके उलटे घडते. खोटे बोलणारा किंमतीतही जिंकतो आणि गुणातही.

क्षमतेइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट कवचाच्या आत असते आणि ती दिसत नाही. लिथियम-आयन बॅटरी ही मोठी गुणी पण तितकीच मानी वस्तू आहे. सोनीने ती १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिला जास्त भरलेले खपत नाही आणि पार रिकामे केलेलेही खपत नाही. म्हणून चांगल्या बॅटरीत एक चिमुकले मंडळ असते, ते दोन्ही टोकांना वीज तोडते. शिवाय बॅटरीच्या टोकाशी पाहिले तर अधिक-उणे या दोहोंखेरीज आणखी एखादी पितळी पट्टी दिसते. तिच्यावाटे पुष्कळदा आतले तापमान कळविले जाते. काही स्वस्त बॅटऱ्यांत तापमान ओळखणाऱ्या घटकाच्या जागी साधा रोधक बसवून देतात. म्हणजे आत काहीही होवो, चार्जरला निरोप जातो, 'सर्व कुशल आहे'. आमच्या जादा बॅटरीचे पोट पाचव्या महिन्यात फुगले आणि ती कॅमेऱ्याच्या कप्प्यात जाईना. ती बाहेर असताना फुगली हे नशीब. आत फुगली असती तर बॅटरीबरोबर कॅमेराही गेला असता. फुगलेली बॅटरी टोचून पाहू नये, पुन्हा चार्जही करू नये, हे येथे सांगून ठेवतो, कारण आमच्यापैकी एकाने कर्कटक बाहेर काढले होते.

आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर किंवा वेष्टनावर ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. आमच्या अडीचशेच्या बॅटरीवर तो नव्हता. शोधायचा असतो हेच कोणाला माहीत नव्हते. दरपत्रक मागविताना 'नोंदणी क्रमांक लिहावा' एवढी एक ओळ घातली असती, तर तिसरा कागद आपोआप गळून पडला असता आणि नियमही मोडला नसता.

"मग कंपनीचीच घ्यावी, विषय संपला," असे आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे. त्याच्या घरी सगळेच कंपनीचे असते. मलाही आधी तसेच वाटत होते. पण विषय तेथे संपत नाही. ज्या कॅमेऱ्याचे उत्पादन चालू आहे त्याला कंपनीचीच बॅटरी घ्यावी, हे मान्य. आपले छोटे कॅमेरे मात्र बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीचे. त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. २०१० साली जपानी कंपन्यांनी असे छोटे कॅमेरे दहा कोटींहून अधिक संख्येने बाजारात पाठविले होते. २०२३ साली ही संख्या वीस लाखांपर्यंतही पोहोचली नाही. अशा कॅमेऱ्याची 'अस्सल' बॅटरी दुकानात मिळालीच, तर ती कदाचित आठ वर्षे फडताळात बसून म्हातारी झालेली असते. लिथियमची बॅटरी न वापरताही झिजते. उन्हाळ्यात अधिक झिजते. तेव्हा अस्सल पण शिळी आणि दुसऱ्या चांगल्या कंपनीची पण ताजी, यांत मी ताजी घेईन. दुकानदाराला उत्पादनाची तारीख विचारावी. तो रागावला तर रागावू द्यावे. आपण ब्रेडची तारीख पाहतोच की.

शिवाय कंपनीच्या नावाचीही एक गंमत आहे. निकॉनची ईएन-ईएल१०, ऑलिम्पसची एलआय-४२बी, फुजीफिल्मची एनपी-४५ आणि पेंटॅक्सची डी-एलआय६३ या चार नावांच्या बॅटऱ्या एकमेकींच्या जागी चालतात. एकाच मुलीला चार घरांत चार नावांनी हाक मारावी तसा प्रकार. ज्याला हे ठाऊक नाही तो एक नाव घेऊन गावभर हिंडतो आणि 'मिळत नाही' म्हणून कॅमेरा भंगारात देतो. उलट २००९ साली पॅनासॉनिकने आपल्या काही कॅमेऱ्यांसाठी अशी सुधारणा काढली, की ती घातल्यावर परकी बॅटरी कॅमेरा स्वीकारीतच नसे. कारण सुरक्षिततेचे सांगितले होते, आणि वर फुगलेल्या पोटाची गोष्ट सांगितल्यावर ते कारण खोटे आहे असे मी म्हणू शकत नाही. पण गिऱ्हाइकाच्या सुरक्षिततेची काळजी आणि स्वतःच्या विक्रीची काळजी या दोन्ही इतक्या सोयीने एका जागी आल्या, की मनात शंका येते खरी.

खरे दुखणे माझ्या मते येथे आहे. कॅमेरा चांगला चालतो, भिंग स्वच्छ आहे, बटणे जागच्या जागी आहेत. मात्र त्याची बॅटरी कोणी करीत नाही, म्हणून तो मेला. मॉडेलागणिक बॅटरीचा आकार एखाद्या मिलिमीटरने बदलला तर कंपनीचे काही जात नाही. जाते ते वापरणाऱ्याचे. युरोपीय संघाने २०२३ साली जी बॅटरी नियमावली केली तिच्यात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणारे एक कलम आहे. उपकरणाचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर निदान पाच वर्षे त्याची बॅटरी सुटी, आणि वाजवी किंमतीत, मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. ते मेलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. चांगलेच आहे. पण मेलेल्यांची व्यवस्था झाली, जिवंत कॅमेऱ्यांचे काय? ज्या देशात घड्याळ आजोबांकडून नातवाकडे जाते, तेथे तर हा कायदा आधी व्हायला हवा होता.

यावरचा एक जुना उपाय आपल्या डोळ्यांदेखत होता आणि आपण तो हसण्यावारी नेला. पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले बरेचसे आणि निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतले बरेचसे कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालत. जाडजूड, बोजड, फ्लॅश मारला की पुन्हा तयार व्हायला वेळ लावणारे. लोकांनी ते सोडून चपटे, खिशात मावणारे घेतले. पण पेन्सिल सेलचा आकार अमेरिकेत १९४७ साली, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षी, प्रमाणित झाला आणि तो अजून बदललेला नाही. कोणत्याही गावच्या किराणा दुकानात तो मिळतो.

मात्र किराणा दुकानातला सेल घेऊन फसू नये. आम्ही एकदा फसलो आहोत. रिमोटमध्ये वर्षभर चालणारा साधा सेल कॅमेऱ्यात घातला की चार-पाच छायाचित्रांत मान टाकतो, आणि तोच काढून पुन्हा रिमोटमध्ये घातला की चालतो! याचे कारण असे. रांजण पाण्याने भरलेला आहे, पण तोटी बारीक आहे. घड्याळाला, रिमोटला थेंब थेंब पाणी पुरते. कॅमेऱ्याला, विशेषतः फ्लॅश भरताना आणि भिंग हलविताना, एकदम घागर हवी असते. ती त्या तोटीतून येत नाही, सेलचा दाब पडतो आणि कॅमेरा समजतो की रांजणच रिकामा झाला. अल्कलाइन सेलची तोटी जरा मोठी असते, तरी कॅमेऱ्याला ती पुरत नाहीच. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलची तोटी चांगली रुंद. त्यांच्यावर १.५ च्या जागी १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून पुष्कळांना ते दुबळे वाटतात. पण कामाच्या वेळी तेच दाब टिकवून धरतात. पूर्वी त्यांची एक खोड होती, नुसते ठेवले तरी ते महिन्या-दोन महिन्यांत रिकामे होत. २००५ साली सान्योने एनेलूप नावाचे सेल आणले, ते वर्षभर ठेवूनही बहुतांश भरलेले राहतात. आता तशा जातीचे सेल इतरही करतात. दोन घ्यायचे ते एकाच वेळी, एकाच जातीचे. जोडीतला एक जुना व एक नवा केला की दोन्ही बिघडतात. बैलजोडीचा नियम.

छोट्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'इतकी छायाचित्रे निघतील' असा जो आकडा असतो, त्याबद्दल दोन शब्द. तो खोटा नसतो. जपानच्या सीपा या संघटनेने त्याची रीत ठरवून दिली आहे. तापमान २३ अंशांच्या आसपास, दर तीस सेकंदांनी एक छायाचित्र, एकाआड एकाला फ्लॅश, दहा झाली की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. आमचे काम तसे नव्हते. फ्लॅश जवळजवळ नाहीच, पण पडदा अखंड चालू. म्हणून आपल्या कामाच्या पद्धतीने आपणच एकदा मोजून पाहावे. नवी बॅटरी घेतल्याच्या आठवड्यातच, दुकान ती परत घेईल तोपर्यंत, पूर्ण भरून विभागाच्या खोलीतच भिंतीचे फोटो काढीत बसावे. कंटाळवाणे काम आहे. पण देवळाच्या ओट्यावर मोजण्यापेक्षा बरे.

दोष सगळा खरेदीचा नाही, हेही कबूल केले पाहिजे. मूळची बॅटरी आम्हीच मारली. दर वर्षी सहल संपली की रिकामी बॅटरी कॅमेऱ्यात तशीच ठेवून कॅमेरा कपाटात, तो पुढच्या सहलीपर्यंत. रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी हळूहळू आणखी खाली जाते आणि मग कायमची दुबळी होते. तिला अर्धीमुर्धी भरून, कॅमेऱ्यातून काढून, थंड जागी ठेवायची असते. बाहेर काढून ठेवली की कॅमेऱ्यातले घड्याळ पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवावे. नाहीतर पुढच्या वेळी सगळ्या छायाचित्रांवर १ जानेवारी उमटतो आणि इतिहास विभागाच्या दप्तरात तरी तसे होऊ नये.

आता गेल्या एक-दोन वर्षांत हे छोटे कॅमेरे पुन्हा हौसेने बाहेर आले आहेत. यंदाच्या स्नेहसंमेलनात मी निदान पाच-सहा जणींच्या मनगटाला ताईच्या किंवा आत्याच्या काळचे गुलाबी, रुपेरी कॅमेरे लटकलेले पाहिले. म्हणजे हा प्रश्न आता आमच्या विभागापुरता राहिलेला नाही. त्या सर्वजणी लवकरच जादा बॅटरीच्या शोधात निघतील आणि त्यांना १६०० चा आकडा भेटेल.

विभागासाठी माझी मागणी लहान आहे. जादा बॅटऱ्या दोन घ्याव्यात, एक मोठी नव्हे. आकडा मूळच्या आसपासचा, नोंदणी क्रमांक छापलेला, तारीख ताजी. त्यांच्यावर रंगाने १ आणि २ असे लिहावे, आणि कपाटातील नोंदवहीत प्रत्येकीच्या नावे केव्हा भरली, किती छायाचित्रे निघाली, हे लिहीत जावे. सरांना हे पटले आहे. भाऊसाहेब म्हणाले, "दरपत्रकात अट घाला, मला काय, मी अटीप्रमाणे मागवीन." अट मी लिहून दिली आहे.

आणखी एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पेन्सिल सेलवर चालणारा जुना कॅमेरा पडून असेल आणि घरची मंडळी देण्यास राजी असतील, तर तो इतिहास विभागात आणून द्यावा. सेलच्या कप्प्यात हिरवी बुरशी आलेली असली तरी चालेल, ती निघते. झाकण तुटलेले असले तरी रबर लावून काम भागते. पावसाळ्याआधी आम्हाला आणखी दोन गावी जायचे आहे. त्यांपैकी एका ठिकाणच्या देवळाची वर्गणी सुरू झाली आहे असे कळते.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)